ठेल्याचा कागद



गेल्या आठ मार्चचा मेळावा तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. जिल्ह्याच्या सातही तालुक्यांतून बाया आल्या होत्या. भाषणं झाली, गाणी झाली, ठराव झाले. संध्याकाळी सगळ्याजणी आपापल्या एस.टी.च्या वेळेने निघून गेल्या आणि आम्ही पाच-सहाजणी सभागृह आवरायला मागे राहिलो. खुर्च्यांखाली, टेबलामागे, खिडकीच्या कठड्यावर मिळून अकरा गुलदस्ते सापडले. ज्यांच्या हातात ते दिले होते त्या पाहुण्या ते तिथेच विसरून गेल्या होत्या. प्रत्येकाला पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टण, आत तीन-चार जरबेरा, एखादी ऑर्किडची दांडी आणि भरीला हिरवा पाला. जरबेराची मान पडू नये म्हणून देठ शीतपेयाच्या नळीत खोवलेला. मार्चातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. नळी असूनही माना पडल्याच होत्या. बाहेर रस्त्याकडेचे पळस भरभरून फुललेले, आणि आत आम्ही पॉलीहाउसमधली विकत आणलेली फुलं केरसुणीने गोळा करत होतो.

हे गुलदस्ते चौकातल्या काचेच्या दुकानातून आणले होते. स्टेजवरच्या सावित्रीबाईंच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना घातलेले झेंडू-शेवंतीचे हार मात्र आमच्या वस्तीतल्या मावशींच्या ठेल्यावरचे होते. गुलदस्त्यांचे पैसे दुकानदाराने सांगितले तेवढे आम्ही मुकाट्याने मोजले. हारांच्या पैशात दहा-दहा रुपये कमी करून घेतले. मीच करून घेतले. हे संपादकीय लिहायला बसण्याचं ते एक कारण आहे. दुसरं कारण त्याच दिवशी स्टेजवर घडलं, ते पुढे सांगते.

मावशींचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही, कारण तिथल्या पालिकेत त्यांचा अर्ज अजून पडून आहे. चौकात पुतळ्याच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली त्यांचा ठेला आहे. अठरा-वीस वर्षं झाली असतील. सकाळी सहाला त्या फडकं ओलं करतात, त्यावर माल पसरतात आणि ओवायला बसतात ते रात्री नऊपर्यंत. फुलांच्या धंद्यात वर्षाचा हिशोब महिन्यांनी होत नाही, सणांनी होतो. गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी ही कमाईची रांग. त्यानंतर लगीनसराई. आपल्या जिल्ह्यात यात आणखी दिवस धरायला हवेत: चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, सहा डिसेंबर. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडाऱ्यातून उभे राहिले होते आणि पडले होते. आज चौदा एप्रिलला त्यांचा पुतळा हारांनी गळ्यापर्यंत बुडून जातो. आदल्या रात्री मावशी आणि त्यांच्या दोन मुली झोपत नाहीत. हार घालणाऱ्यांचे फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतात. कोणत्या पुढाऱ्याचा हार केवढा होता हे आठवडाभर बोललं जातं. तो ओवला कोणी, हे मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

माल नागपूरहून येतो. साठेक किलोमीटरचं अंतर. सीताबर्डीच्या फुलबाजारात उजाडायच्या आत पोचावं लागतं, तेव्हा कुठे भाव बरा मिळतो. पहाटे तीनला घरून निघणं, अंधारात बाजारात उभं राहणं, उधारीचं बोलणं, गाडी भरणं हे सगळं पुरुषांकडे. मावशींचा नवरा होता तोवर तो जायचा. तो गेल्यापासून दीर आणतो. त्याची स्वतःची मालवाहू गाडी आहे. म्हणजे खरेदी त्याच्या हातात, आणि सोलणं, निवडणं, ओवणं, शिंपडणं, विकणं मावशींच्या हातात. संध्याकाळी उरलेला माल मात्र पूर्णपणे मावशींचा. झेंडू दोन-तीन दिवस तग धरतो. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलली की तिचा भाव गेला. गुलाब पाकळ्या करून विकता येतो. जे विकलं गेलं नाही त्याचा तोटा कोणी वाटून घेत नाही. फुलांवर मारलेल्या औषधाने आणि सतत पाण्यात असल्याने त्यांच्या बोटांना बारमाही चिरा पडलेल्या असतात. थंडीत त्या बोटांना खोबरेल तेल चोपडून चिंध्या बांधतात, आणि चिंध्या बांधल्या की सुई नीट धरता येत नाही, म्हणून सोडतात.

आता स्टेजवरची गोष्ट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्याच ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपण त्यावर या अंकातून लिहिलं, गावोगावी बैठका घेतल्या. माझ्या मनात एक गोष्ट तेव्हापासून घोळत होती. कुंकू पुसणारी, बांगड्या फोडणारी माणसं असतात. त्यांना अडवता येतं. केसातलं फूल कोणी ओढून काढत नाही. बाई आपणच ते माळायचं थांबवते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मावशी रोज पन्नासेक गजरे करतात आणि नवरा गेल्यापासून त्यांच्या अंबाड्यात मी एकदाही फूल पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आठ मार्चला, भरल्या सभेत, त्यांच्याच हातचा गजरा त्यांना माळायचा. याहून चांगला कार्यक्रम कोणता?

तर आम्ही त्यांना ठेल्यावरून बोलावून आणलं. माईकवरून त्यांचं नाव पुकारलं. 'नवरा गेल्यावरही खचून न जाता' वगैरे म्हटलं. मी गजरा त्यांच्या केसात खोवला. टाळ्या पडल्या. एका पत्रकाराने फोटो काढला. मावशी उभ्या राहिल्या, हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. खाली उतरल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या. चार दिवसांनी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"ताई, तुमी मले आधी इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. त्या दिवशी दोन तास ठेला पोरीवर सोडून आलो. गजऱ्याचं मले काही नाही जी. माह्या हातचा हार देवाले चालते, मंग माह्या केसाले चालते का नाही, ते मी माह्यं पाहून घेईन. मले ठेल्याचा कागद पायजे. तो कोनाच्या नावानं हाये, ते पाहा."

मी घरी आले आणि दोन दिवस अस्वस्थ होते. आपण बायकांना बोलतं करायला निघालो आणि एका बाईला न विचारता तिचं वैधव्य माईकवरून जाहीर करून टाकलं. तिला स्टेजवर आणण्याची गरज तिची नव्हती, आमची होती. असो. मग आम्ही कागद पाहिला.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. आपल्यापैकी भाजीवाल्या, बांगडीवाल्या, चहावाल्या बायांबरोबर काम करणाऱ्यांना तो माहीत असेल. बाकीच्यांनी एकदा बसून वाचावा, अवघड नाही. त्यात पालिकेने दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आहे आणि सापडलेल्या प्रत्येकाला विक्री प्रमाणपत्र द्यायचं आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जात नाहीत तोवर कोणालाही उठवता येत नाही. उठवायचंच झालं तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याला द्यावी लागते, आणि नाशवंत माल असेल तर ज्या दिवशी मागणी केली त्याच दिवशी परत द्यावा लागतो. फुलांइतकं नाशवंत दुसरं काय असतं? जूनमध्ये रस्ता मोकळा करण्याची मोहीम निघाली तेव्हा मावशींची दोन टोपली निशिगंध आणि गुलाब गाडीत घालून नेले. यादी मिळाली नाही. तीन दिवस खेटे घातल्यावर टोपल्या मिळाल्या, त्यातून काळं पाणी गळत होतं.

मावशींच्या ठेल्याचं प्रमाणपत्र नवऱ्याच्या नावाचं निघालं. तो माल आणायला जायचा, ठेल्यावर क्वचित बसायचा. सर्वेक्षणाची माणसं आली त्या दिवशी नेमका हजर होता, त्याचं नाव लागलं. शेजारीच ओवत बसलेल्या बाईला कोणी काही विचारलं नाही. वीस वर्षं ती त्या जागेवर आहे, पण सरकारदरबारी ती तिथे कधी नव्हतीच. आता नवीन सर्वेक्षण व्हायचं आहे आणि दीर म्हणतो, माल मी आणतो, नाव माझं लावा, वहिनी बसेल की तिथेच, तिला कोण उठवतंय. बोलायला गोड माणूस आहे. वस्तीतल्या चार पुरुषांना आणि खरं सांगायचं तर दोन-तीन बायांनाही त्याचं म्हणणं रास्त वाटलं.

कायदा काय म्हणतो? प्रमाणपत्रधारक मेला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी घरातलं माणूस बसू शकतं, आणि त्यात पहिला हक्क जोडीदाराचा, मग अवलंबून असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा. भावाचं नाव त्यात कुठेही नाही. शिवाय प्रमाणपत्र दुसऱ्याला देता येत नाही, भाड्यानेही नाही. आणि ज्याला उपजीविकेचं दुसरं साधन आहे त्याच्यासाठी हे प्रमाणपत्र नाहीच. दिराची गाडी महिन्याचे पंचवीस दिवस दुसऱ्यांचा माल वाहते. हे सगळं आम्ही अर्जात लिहिलं. अर्ज मावशींनी स्वतः सही करून दिला. अंगठा नव्हे, सही. साक्षरता वर्गात शिकलेलं अक्षर आहे, थोडं वाकडं.

या कागदाला एवढं महत्त्व का, असं एका तरुण कार्यकर्तीने विचारलं. तो नसला तर २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज मिळवायला निदान पालिकेचं शिफारसपत्र तरी आणावं लागतं, आणि ते देणारीही पालिकाच. पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, २०२५ मध्ये ते पंधरा हजारांचं झालं. पंधरा हजारांत मावशींना दसऱ्याचा झेंडू दिराच्या उधारीशिवाय उचलता येईल. मालाचे पैसे स्वतःचे असले की भाव स्वतः ठरवता येतो. दिराच्या हातातली दोरी ती हीच.

त्याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यात निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक-तृतीयांश स्त्रिया. ठेले कुठे लागतील, बाजार कुठे भरेल हे ठरवताना या समितीचं म्हणणं घ्यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या आरक्षणासाठी आपण केवढे मेळावे घेतले! या समितीच्या निवडणुकीला आपल्यापैकी किती गावांत कोणी उभं राहिलं? मी स्वतः चार वर्षांपूर्वीपर्यंत तिचं नावही ऐकलेलं नव्हतं, म्हणून हा प्रश्न दटावून विचारत नाही.

आता गुलदस्त्यांकडे परत येते. एप्रिलच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला की आपल्या कार्यक्रमांत यापुढे जरबेरा-ऑर्किडचे गुलदस्ते नकोत, विदेशी फुलं नकोत, ज्या ऋतूचं जे फूल असेल ते ठेल्यावरच्या बाईकडून घ्यावं. त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. कृषी महाविद्यालयात शिकलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, विदेशी कोणाला म्हणता? झेंडू मेक्सिकोचा, पोर्तुगीजांबरोबर आला. निशिगंधही मेक्सिकोचाच. शेवंती चीनची. जरबेरा आफ्रिकेतून आला म्हणून काय बिघडलं? तिचं बरोबर होतं, आणि मी 'विदेशी' हा शब्द मागे घेतला. फुलाला जात-पात, मूळ-गाव विचारण्याची सवय आपल्याला नकोच.

पण फरक आहे, तो दुसरीकडे आहे. झेंडू किलोवर मिळतो, शेताच्या बांधावरही होतो, हजार रुपयांच्या भांडवलावर बाई बसू शकते. जरबेराला पॉलीहाउस लागतं, त्याचं कर्ज लागतं, कर्जाला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी असतं ते आपल्याला पाठ आहे. ही फुलं तळेगावहून, बंगळूरकडून खोक्यांत येतात, ऑर्किड तर थायलंडहूनही येतं. दुकानात ती गार ठेवावी लागतात. फुलदाणीत खोवायला जो हिरवा भुसभुशीत स्पंज वापरतात तो मातीत जिरत नाही. जसजसा गुलदस्त्याचा मान वाढतो तसतसा धंदा लिंबाखालून काचेच्या आत सरकतो, आणि आत गेलेल्या धंद्यात बाई मागच्या खोलीत पानं कापायला उरते, रोजावर.

यावर मावशींच्या थोरल्या मुलीचं म्हणणं वेगळंच होतं. ती बैठकीला आली होती. बारावी झाली आहे. ती म्हणाली, काकू, लोक गुलदस्ता मागतात, तुम्ही नाही घेतला तरी दुसरे घेणारच. मला तो बांधायला शिकायचा आहे. एका गुलदस्त्यात जेवढे सुटतात तेवढे वीस हारांत सुटत नाहीत. बैठक गप्प झाली. आम्ही जे नाकारायला निघालो होतो ते तिला हवं होतं, आणि तिचा हिशोब चोख होता. शेवटी ठराव असा झाला की कार्यक्रमांची फुलं ठेल्यावरूनच घ्यायची, पैसे आगाऊ द्यायचे, घासाघीस करायची नाही. काय बांधायचं ते तिथल्या बाईने ठरवायचं, फक्त प्लास्टिक नको. मुलीने पुढच्या कार्यक्रमाला शेवंती, निशिगंध आणि मधे तलावातलं एकेक कमळ असे चार गुच्छ बांधले आणि केळीच्या पानात गुंडाळून दिले. छान दिसत होते. एक पाहुणी तो विसरली, तीन घेऊन गेल्या.

कमळावरून आठवलं. आपल्या जिल्ह्यातल्या तलावांतून, ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनासाठी कमळं काढली जातात. तलाव मच्छीमार संस्थांकडे असतात, आणि संस्थांच्या सभासदांच्या यादीत बायांची नावं भिंग घेऊन शोधावी लागतात. छातीभर पाण्यात उतरणाऱ्या ढिवर बाया त्या यादीत कुठे आहेत? आणि ज्या फुलाशी आपल्याकडच्या सर्वांत जास्त बायांचा संबंध येतो ते तर कोणत्याही दुकानात दिसत नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन वाकलेली बाई फुलंच वेचत असते. तिला कोणी फूलवाली म्हणत नाही. तिच्यावर स्वतंत्र अंक काढायचा विचार आहे. साकोलीकडच्या मैत्रिणींनी लिहून पाठवावं.

मेळाव्याची सुरुवात आपण फुले हे नाव घेऊन करतो. जोतिरावांचं मूळ आडनाव गोऱ्हे. घरात पेशव्यांना फुलं पुरवण्याचा धंदा होता म्हणून लोक फुले म्हणू लागले. सावित्रीबाईंनी १८५४ मध्ये कवितासंग्रह छापला त्याचं नावही 'काव्यफुले', आणि त्यात जाईवर, पिवळ्या चाफ्यावर कविता आहेत. हे मी शाळेपासून ऐकत आले आणि तरी ते आडनाव उच्चारताना माझ्या डोळ्यांसमोर कधी टोपली आली नव्हती. ज्या तसबिरीपुढे मी हारांचे दहा रुपये कमी केले, ती फूलविक्यांच्या घरातल्या सुनेची होती.

दसरा जवळ आला आहे. दसऱ्याच्या आदल्या दोन रात्री मावशी ठेल्यावरच झोपतात, कारण झेंडूचा माल घरी नेता-आणता येत नाही. पुन्हा मोहीम निघणार असल्याची कुणकुण आहे, आणि पालिकेचं उत्तर आलेलं नाही. म्हणून यंदा आम्ही पाळी लावली आहे. रोज दोघीजणी त्यांच्यासोबत थांबतील, कायद्याची मराठी प्रत आणि अर्जाची पोच जवळ ठेवून. सर्वेक्षणाची माणसं आली तर मावशी जागेवर हव्यात, पाणी आणायलासुद्धा उठायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मी वीस वर्सात कवा उठलो जी?" पहिल्या रात्रीच्या पाळीला नावं आली आहेत, दुसऱ्या रात्रीला एक कमी पडते आहे. जिला जमेल तिने कळवावं. गोधडी आपली आपण आणायची, आणि बसलंच आहोत तर चार हार ओवायला मदत करायची.